माळशेज, भंडारदरा, कसारा: रेंज गेल्यावर रस्त्याची खबर कोण देतं?

ठाण्याहून माळशेज चढून ओतूरला मावशीकडे जायचं, तिथून मागच्या अंगाने कोतूळ-राजूर करत भंडारदरा गाठायचं आणि घोटी-कसाऱ्याहून उतरून घरी यायचं, असा हा पावसाळी फेरा. जुलैचा शेवटचा आठवडा, म्हणजे सह्याद्री सगळ्यात देखणा आणि सगळ्यात बेभरवशाचा. गाडी मी चालवत होते, शेजारी मामा, मागे नवरा आणि लेक. मामांची सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून गेली, त्यातली बरीचशी याच माळशेजच्या रस्त्यावर. त्यामुळे माझ्या प्रत्येक गिअरवर शेजारून टिप्पणी येणार हे गृहीतच होतं.

लेकीला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी बघायचं होतं की घाटरस्त्यावर मोबाइलची रेंज नेमकी कुठे जाते आणि आणीबाणीचा इशारा प्रवाशाच्या हातात वेळेवर पडतो का. तिच्या मांडीवर आम्हा तिघांचे तीन फोन, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि एक वही. मामांचा बटणांचा फोन तिने मोजणीतून वगळला. "त्यात काय कळणार, आजोबा?" मामा काही बोलले नाहीत, फक्त फोन खिशात खोल सारला.

शनिवार: ठाणे ते ओतूर

सहाला सावरकर नगरहून निघालो. कल्याण ओलांडेपर्यंतच्या ट्रॅफिकबद्दल लिहीत नाही, ठाणेकरांना तो पाठ आहे. म्हारळ, कांबा मागे पडलं आणि रायत्याच्या पुलावर उल्हास दिसली. गढूळ, भरलेली, पण पुलापासून अजून बरीच खाली. ती फुगली की हा पूल बंद करतात आणि मुरबाडचा रस्ता तिथेच संपतो. याच उल्हासच्या पुरात २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. हजाराच्या आसपास माणसं चहूबाजूंनी पाणी असलेल्या गाडीत बसून राहिली, शेवटी होड्या आणाव्या लागल्या. मामा म्हणाले, "रेल्वेला शिग्नल आसतो, गार्ड आसतो, कंट्रोल आसतो. तरी फसली. रस्त्यावरच्या गाडीला कोण आहे?"

मुरबाडला वडापाव आणि कांदाभजी खाल्ली. सरळगावपासून दोन्ही बाजूंना भातलावणी जोरात होती. इरली आता फारशी दिसत नाहीत, निळी-पिवळी प्लॅस्टिकं पांघरलेल्या बायका ओळीने वाकलेल्या. टोकावड्याला पाऊस सुरू झाला आणि मामांनी गाडी एका टपरीशी थांबवायला लावली. चहा झकास होता, आलं सढळ. पण थांबायचं कारण चहा नव्हतं.

टपरीवरच्या ताईंना मामांनी विचारलं, "वर काय हाय?" ताईंनी उत्तर द्यायच्या आधी घाटातून उतरून आलेल्या एका टेम्पोच्या चाकांकडे बघितलं. मग दुसऱ्या गाडीच्या. "धुकं हाय म्हणत्यात. पण चाकाला लाल चिखल न्हाय. माती आली न्हाय अजून रस्त्यावर." लेकीने वही उघडून ते वाक्य तसंच्या तसं उतरवून घेतलं. तिच्या फोनवर त्या वेळी हवामान खात्याचा इशारा दिसत होता: ठाणे जिल्ह्याला यलो, पुण्याच्या घाट विभागाला ऑरेंज. गंमत अशी की माळशेज चढताना तुम्ही ठाणे जिल्ह्यातून पुणे जिल्ह्यात जाता. पायथा मुरबाड तालुक्यात, माथा जुन्नर तालुक्यात, आणि हरिश्चंद्रगडापलीकडे अहिल्यानगर. एकाच घाटाला दोन रंग. वर पडलेला पाऊस कोणता रंग बघून खाली येतो, ते त्यालाच ठाऊक.

*थोडं रंगांबद्दल, कारण पिकनिकच्या ग्रुपवर यावर हमखास वाद होतो.* यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता कृती करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की तो मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार. रंग मात्र नुसत्या मिलिमीटरवर ठरत नाही, किती शक्यता आहे आणि किती नुकसान होईल तेही त्यात धरतात. दिवसभराच्या अंदाजापेक्षा प्रवाशाच्या कामाचा असतो तो 'नाऊकास्ट', म्हणजे पुढच्या तीन तासांचा अंदाज. घाट चढायच्या आधी तो बघायचा, आणि रेंज असलेल्या शेवटच्या गावातच बघायचा.

सावर्ण्याच्या पुढे चढ लागला. आधी नवऱ्याच्या फोनच्या काड्या गेल्या, मग माझ्या, मग लेकीच्या. ती वळणं मोजत वहीत फुल्या मारत होती. दरडप्रवण क्षेत्राचा बोर्ड आला, त्याच्या बरोबर खाली लोक गाड्या लावून धबधब्यात भिजत होते. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश जिल्हाधिकारी काढतात, ते वर्तमानपत्रात येतात, पोलिसही शिट्ट्या मारून हटवतात. पोलीस पुढच्या वळणावर गेले की मागचे परत उतरतात.

एका वळणाआधी रस्त्यावर करवंदीची हिरवी फांदी पडलेली. मी ती चुकवून पुढे घेणार तोच मामा ओरडले, "हळू! फांदी हाय." वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक अर्धा रस्ता अडवून उभा. क्लीनरने फांदी तोडून मागे टाकली होती, तिच्या अलीकडे दोन दगड. रिफ्लेक्टरचा त्रिकोण प्रत्येक गाडीत असायला हवा, पण घाटात चालते ती फांदी. ट्रक निघून जातो आणि दगड तिथेच राहतात, रात्री कुणाची तरी मोटारसायकल त्यावर जाते, हा मामांचा जुना राग. "फांदी टाकावी, दगड टाकू न्हाय. टाकला तर जाताना उचलावा."

त्यानंतर थोड्याच अंतरावर समोरून उतरणाऱ्या एसटीने लांबूनच डिपर मारले. मामांनी खिडकीतून हात बाहेर काढून तळवा दाखवला. त्या हातात काय होतं कोण जाणे, पण एसटी बरोबर आमच्या शेजारी येऊन थांबली. ड्रायव्हर खिडकीतून वाकला.

"मामा, दोन वळणं पुढं दगड आल्यात. बारकी हायेत, मी काठाकाठानं काढली, पण वरून आजून गळतंय. इथंच थांबा. कड्याखाली न्हाय, तो दरीकडचा मोकळा पट्टा हाय ना, तिथं."

"खाली सांगितलं का?"

"जाऊन सांगतो. वरून जेसीबी निघालाय."

एवढं बोलून तो गेलाही. मागे थांबलेल्या प्रत्येक गाडीपाशी तो क्षणभर थांबत होता, हे आरशात दिसत होतं. आम्ही दरीकडच्या पट्ट्यात गाडी लावली. थोड्या वेळाने ठण्ण असा आवाज करत नारळाएवढा दगड वळणाच्या कठड्यावर आपटून दरीत गेला. त्यानंतर कुणी गाडीतून उतरलं नाही. अपवाद दोन मुलांचा, ती कड्याला टेकून रील काढत होती. त्यांना मामांनी ज्या भाषेत बोलावलं ती इथे लिहिता येणार नाही.

जेसीबी येऊन रस्ता मोकळा व्हायला बराच वेळ गेला. तेवढ्यात गाडीत फोन वाजला. मामांचा. ओतूरहून मावसभाऊ विचारत होता, कुठवर आलात. तिन्ही स्मार्टफोनवर शून्य काड्या आणि मामांच्या डब्यावर दोन! त्यांनी फोन मुद्दाम स्पीकरवर टाकला. लेकीने वहीत चौथा रकाना आखला.

बोगदा ओलांडून वर आलो तर दाट धुकं. एमटीडीसीच्या फाट्यापाशी चहावाल्यांच्या नुसत्या आरोळ्या ऐकू येत होत्या. खुबी फाट्याच्या आसपास मागच्या सीटवर एकदम टिणटिणाट सुरू झाला, तिन्ही फोनवर तुंबलेले मेसेज धडाधड उतरले. त्यात आपत्ती व्यवस्थापनाचा मराठी एसएमएस होता: पुढील तीन तासांत घाट भागात मुसळधार पावसाची शक्यता, दक्षता घ्या. निघाला होता पावणेदहाला. आमच्या हाती पडला तेव्हा एक वाजला होता. इशाऱ्याची मुदत संपलेली, दगड पडून गेलेले, जेसीबीवाला जेवायला बसलेला.

हे असं का होतं, ते ओतूरपर्यंतच्या रस्त्यावर लेकीने आम्हाला समजावलं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' नावाची यंत्रणा आहे. हवामान खातं, जल आयोग वगैरेंचे इशारे तिथे एका ठरावीक साच्यात येतात आणि नकाशावर आखलेल्या भागातल्या मोबाइलवर एसएमएसने जातात. एसएमएस पोस्टमनसारखा दारोदार जातो: एक नंबर, एक संदेश. तुम्ही रेंजबाहेर असाल तर तो थांबून राहतो आणि तुम्ही सापडलात की हातात ठेवतो, मग तो शिळा झालेला का असेना. दुसरा मार्ग सेल ब्रॉडकास्टचा. त्यात टॉवर नंबर बघतच नाही, आपल्या टापूतल्या प्रत्येक फोनकडे संदेश एकदमच फेकतो, आणि ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा फेकत राहतो, म्हणजे त्या टापूत उशिरा शिरलेल्या गाडीलाही तो मिळतो. नेटवर्क तुंबलं तरी तो अडत नाही, इंटरनेट लागत नाही. २०२३ मध्ये फोन भोंग्यासारखे किंचाळले होते, ती सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने बनवलेल्या याच यंत्रणेची चाचणी. तंत्र मात्र जुनं आहे, पॅरिसमध्ये १९९७ ला पहिलं प्रात्यक्षिक झालं होतं.

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे दवंडी," ते म्हणाले. "पण टॉवरच नसला तर?"

तर दोन्ही मार्ग बंद. याला उत्तर नव्हतं.

*फोनमध्ये एकदा बघून ठेवा:* सेटिंगमध्ये 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट' नावाचा पर्याय असतो, आयफोनवर नोटिफिकेशनच्या यादीत अगदी तळाशी. आवाजाला कंटाळून अनेकांनी २०२३ मध्येच तो बंद करून टाकला. पावसाळी प्रवासाला निघताना चालू आहे ना, हे तपासा. 'सचेत' ॲप आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप घेऊन ठेवा. नकाशाचा तो भाग ऑफलाइन उतरवून घ्या, कारण जीपीएसला रेंज लागत नाही. टॉवर नसतानाही तुम्ही कुठे आहात ते फोनला कळतं, फक्त दुसऱ्याला सांगता येत नाही.

ओतूरला मावशीने मासवड्या केल्या होत्या. नाव मासवडी, पण मासा औषधालाही नाही. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर खसखस, तीळ, सुकं खोबरं, लसूण यांचं सारण पसरायचं आणि फडक्यासकट वळत आणायचं. कापल्यावर माशाच्या तुकडीसारखा आकार येतो. सोबत घाम फोडणारा रस्सा आणि बाजरीची भाकरी. जुन्नर तालुक्यात येऊन मासवडी न खाता जाणाऱ्याबद्दल मी काही बोलणार नाही.

संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो आणि घरातले सगळे फोन एकदम वाजले. भावाचा, वहिनीचा, मावशीचा, शेजारच्या घरातलाही. आमचे गप्प. भावाने कानाला लावला, ऐकलं आणि ठेवला. "ओढ्याकाठच्या उसात बिबट्या दिसलाय. पोरं आत घ्या."

ही ग्रामसुरक्षा यंत्रणा. गावातल्या कुणीही ठरलेल्या टोल फ्री नंबरवर फोन करून आपल्या आवाजात खबर द्यायची, ती लगेच गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर कॉल म्हणून वाजते. चोरी, आग, पूर, हरवलेलं मूल, काहीही. जुन्नर भागात बिबट्यांचा वावर एवढा की माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, त्यामुळे इथे ही यंत्रणा रोजच्या वापरातली. मला आवडलं ते हे की संदेशात जिल्हा नव्हता, तालुका नव्हता, 'ओढ्याकाठचा ऊस' होता. आणि खटकलं ते हे की ओसरीवर बसलेल्या आम्हा पाहुण्यांच्या फोनला त्याचा पत्ताही नव्हता. नोंदणी गावकऱ्यांची असते. वाटसरू नोंदवणार कुठल्या गावात?

रविवार: ओतूर ते शेंडी

सकाळी चहाबरोबर मामांनी माळीणचा विषय काढला. आंबेगाव तालुक्यातलं माळीण इथून फार लांब नाही. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. गावात फोन करायला कुणी उरलं नव्हतं. नेहमीची एसटी घेऊन ड्रायव्हर तिथे पोचला तर समोर गावच नाही. बातमी बाहेर गेली ती त्याने गाडी परत फिरवल्यावर. "रोजची वेळ, रोजचा रस्ता, म्हणून त्याला कळलं काय न्हाय ते," मामा म्हणाले. "नवीन मानूस आसता तर रस्ता चुकलो म्हनून मागं फिरला आसता."

मग सावित्रीचा पूल आठवणं ओघानेच आलं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई अशा दोन एसटी आणि एक मोटार अंधारात नदीत गेल्या. पुलाजवळच्या गॅरेजातला माणूस धावत जाऊन मागून येणाऱ्या गाड्या अडवत राहिला म्हणून आणखी जीव वाचले. मामा त्या ड्रायव्हरांना ओळखत नव्हते, पण सांगताना कपातला चहा तसाच राहिला. मावशीने तो न विचारता गरम करून आणला.

ओतूरहून ब्राह्मणवाड्याकडे जाणारा घाट छोटा आणि सुंदर. रविवार असून रस्ता रिकामा, कारण सगळी मुंबई माळशेजला. ब्राह्मणवाड्यापुढे कोतूळ, तिथे मुळा नदी दुथडी भरून. पुलाच्या कठड्यावर एक म्हातारे बाबा छत्री घेऊन बसले होते, आम्हाला बघून हाताने 'जा, जा' केलं. आम्ही पलीकडे गेल्यावर ते पुन्हा पाण्याकडे बघायला लागले. त्यांना कुणी नेमलं होतं की सवयीने बसले होते, हे विचारायचं राहूनच गेलं.

वहीप्रमाणे कोतूळ ते राजूरदरम्यान रेंज येत-जात राहिली. राजूरला पेढे घेतले, तिथे ते प्रसिद्ध आहेत आणि ती प्रसिद्धी खोटी नाही. गाडीची टाकीही तिथेच भरून घ्या, पुढे पंपाच्या भरवशावर राहू नका.

रंधा धबधबा कठड्यामागून बघितला. अंगावर तुषार, कानात फक्त आवाज. भंडारदऱ्याचं धरण १९२६ चं, प्रवरेवरचं. त्यातून विसर्ग वाढवायच्या आधी नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा जातो. पण रंध्याजवळ पात्राच्या खडकावर उतरलेला पुण्या-मुंबईचा माणूस त्या गावांत मोडत नाही. आकाशात ऊन पडलेलं असतानाही वरून पाणी वाढू शकतं. तेव्हा कठड्याच्या आतच राहा, बाकी काही लिहीत नाही.

शेंडीत ज्या घरगुती मुक्कामाला उतरलो तिथल्या दादांनी आधार कार्डाआधी वेगळंच विचारलं: उद्यापर्यंत कुठे कुठे जाणार, गाडीचा नंबर काय, कितीला परत येणार. एका लांबोडक्या वहीत सगळं लिहून घेतलं. "रतनवाडी, घाटघर, साम्रद, तिकडं रेंज धरू नका. सात वाजेपर्यंत गाडी आली नाही की मी नाक्यावर फोन करतो. तिथं तुमचा नंबर लिहिलेला असतोच." वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क घेऊन गाडीची नोंद करतात, हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. ती पावती मी आजवर कटकट समजायचे. दादांच्या हिशोबात ती तुम्हाला शोधायला निघणाऱ्याची पहिली खूण होती. त्यांची वही बघताना लेकीने स्वतःची वही मिटून ठेवली आणि त्यांनाच प्रश्न विचारत बसली.

दुपारी रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराच्या देवळाचा दगड पावसाने काळाभोर झालेला, पुष्करणीचं पाणी हिरवं. रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जातो, जागोजागी ओढे रस्त्यावरून वाहतात. एका ओढ्यापाशी मामांनी उतरून पाण्यात काठी उभी धरली, मग मला हात केला. पलीकडून आलेल्या जीपवाल्याने काच खाली करून सांगितलं, पुढचा ओढा चाकाच्या निम्म्याला आहे, चारनंतर जाऊ नका. आम्ही साडेतीनला परत फिरलो. शेंडीत पोचलो तेव्हा दादांनी वहीत आमच्या नावापुढे खूण केली.

रात्री काळभाताचा वासाचा भात, नागलीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी. बाहेर असा पाऊस की बोलणं ऐकू येईना.

*रेंज नसताना काय चालतं, याची दादांबरोबर झालेली चर्चा थोडक्यात.* ११२ या आणीबाणीच्या नंबरला तुमच्याच कंपनीची रेंज लागते असं नाही. 'फक्त इमर्जन्सी कॉल' असं फोनवर दिसत असेल तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो, तेव्हा काड्या नाहीत म्हणून प्रयत्न सोडू नका. २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या फोनला आणीबाणीचं बटण असावं असा नियम आहे. स्मार्टफोनवर पॉवर बटण लागोपाठ दाबायचं, साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं. (हे ऐकून मामांनी फोन टेबलावर काढून ठेवला.) कॉल लागत नसेल तर एसएमएस टाकून बघा, क्षणभर रेंज आली तरी तो निसटतो. त्यात अक्षांश-रेखांश लिहा. आणि परदेशातून कुणी सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर आणून देत असेल तर घेऊ नका, आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे.

सोमवार: शेंडी ते ठाणे

सकाळी कळसूबाई ढगात. बारी गावातून जाताना शिखराकडे नुसती मान वर केली, दिसलं काही नाही. घोटीपर्यंत रस्ता खड्ड्यांचा, पण दोन्ही बाजूंची भातखाचरं बघण्यात वेळ गेला.

घोटीला मुंबई-आग्रा महामार्ग लागला आणि एकदम रेंज, टोल, बोर्ड, हॉटेलं. इगतपुरीला दोन पर्याय असतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, त्यातल्या बोगद्याने घाट टळतो आणि तुम्ही थेट भिवंडी तालुक्यात उतरता. नवऱ्याचं मत तेच. पण मामांना कसारा घाट बघायचा होता, आणि गाडीत मामांचं मत ज्येष्ठ. समृद्धीवर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे मोटारसायकलवाले सगळे कसाऱ्यातूनच जातात. हे लिहायचं कारण पुढे आहे.

घाटात धुकं होतं, रस्ता ओला. उतारावर दोन मुलं मोटारसायकलसकट घसरून कडेला पडलेली. ऐरोलीची होती, भंडारदऱ्याहून परत निघालेली. एकाचा पाय विचित्र वळलेला, दुसरा नुसता थरथरत होता. मामांनी आधी गाडी कडेला लावून घेतली, इंडिकेटर चालू केले आणि नवऱ्याला मागच्या वळणाच्या अलीकडे लाल टॉवेल घेऊन उभं केलं. आधी मागच्या गाड्या थांबवायच्या, मग जखमीकडे जायचं, हा त्यांचा क्रम ठाम होता.

मी १०३३ लावला, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा मदतक्रमांक. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला: किलोमीटर किती? आजूबाजूला धुक्याशिवाय काही नाही. 'कसारा घाट' एवढं त्यांना पुरत नव्हतं, मुंबईच्या दिशेची बाजू की नाशिकच्या, कोणत्या किलोमीटरपुढे, हे हवं होतं. लेक मागे पळाली. पिवळ्या माथ्याचा दगड गवतात अर्धा बुडालेला, आकड्यांवर शेवाळ. तिने ओढणीने घासून आकडा ओरडून सांगितला, मी फोनवर सांगितला. "गाडी निघाली," त्या म्हणाल्या, "फोन चालू ठेवा." रुग्णवाहिका पंचवीसेक मिनिटांत आली, मागोमाग गस्तीची गाडीही. तोपर्यंत वरून येणारे सगळे नवऱ्याचा टॉवेल बघून वेग कमी करत होते. एका ट्रकवाल्याने तर खाली उतरून आपल्याकडची फांदीच पुढे नेऊन टाकली. मामा खूश.

*म्हणून हे पाठ करा:* राष्ट्रीय महामार्गावर १०३३, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्य महामार्गाचा हिरवा. घाटात शिरताना शेवटचा दिसलेला आकडा शेजारच्याने मोठ्याने म्हणून ठेवायचा. आमच्याकडे आता हे काम मामांनी लेकीला दिलं आहे.

शहापूरला जेवलो, पाव-मिसळ, बरी होती. भिवंडी बायपासला नेहमीचा तुंबारा, साकेतच्या पुलावर पुन्हा. त्यात लेकीने वहीचा हिशोब केला. घाटात प्रत्यक्ष उपयोगी पडलेल्या खबरा तिने एका बाजूला लिहिल्या: चहावाल्या ताई, एसटीचा ड्रायव्हर, फांदी, जीपवाला, शेंडीचे दादा. दुसऱ्या बाजूला फोनवर आलेल्या, त्यांच्यापुढे आल्याची वेळ. दुसऱ्या बाजूला एकच खबर वेळेत होती आणि ती मामांच्या फोनवर आली होती. मावसभावाच्या 'कुठवर आलात'ला खबर म्हणायचं का, यावर लेक आणि मामांचं साकेतपासून तीन हात नाक्यापर्यंत भांडण चाललं.

ऑगस्टमध्ये कुणी हा फेरा करणार असेल तर शनिवार-रविवार टाळा, माळशेज पहाटे लवकर ओलांडा, आणि टोकावड्याला चहा घ्याच. टपरी डाव्या हाताला आहे, चिंचेखाली.